नळाची पाळी आणि संगणकाची आज्ञा

कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना आणि दुसऱ्या काठावर नवा. 2012-13 च्या दुष्काळात दोन्ही काठांनी पाण्याची सारखीच ओढ सोसली. अशा दिवसांत नळाला पाणी येणार म्हटलं की घागरी, हंडे, डबे रांगेला लागतात आणि नंबर कुणाचा यावरून शब्दाला शब्द वाढतो. आता या रांगेचा आणि शाळेतल्या संगणकाचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे, आणि त्याला मोठा इतिहासही आहे.

तो सुरू होतो वर्ध्याला. 1937 च्या ऑक्टोबरात तिथं शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी विचार मांडला की मुलानं हातानं उपयोगी काम करावं आणि त्या कामातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकावं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याची योजना आखली. सूत कातलं की त्याची लांबी मोजावी लागते. मोजलं की हिशेब येतो. कल्पना साधीच, पण खोल. पुढं मात्र बऱ्याच ठिकाणी काताई हा वेळापत्रकातला नुसता एक तास होऊन बसला.

तीस वर्षांनी, 1967 साली, अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरत्सायग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. पुढं तिच्यात एक कासव आलं. ‘इतकं पुढं जा, इतकं वळ’ असं मुलानं सांगायचं, आणि कासवानं तसं चालायचं. चौकोन वाकडा निघाला तर आपली आज्ञा कुठं चुकली ते मुलानंच शोधायचं. इथं चूक म्हणजे छडी नव्हे; चूक म्हणजे पुढची पायरी.

आपल्याकडे 1984 साली केंद्र सरकारनं शाळांना संगणक देण्याची ‘क्लास’ योजना काढली. यंत्रं इंग्लंडची आणि त्यांतले पाठही बरेचसे तिकडचेच. यंत्र शाळेत आलं, पण गावाचा प्रश्न काही त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1983 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम उभा केला. तिथं मुलं जोडकाम शिकली, शेतीची कामं शिकली, आणि गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा देता देता शिकली. गिऱ्हाईक खरं असलं की मापात चूक चालत नाही! पुढं याच पाबळला 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्यानं ‘फॅब लॅब’ निघाली. तिथं संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवता येतात. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांपैकी ती एक.

आता मुंबईत, धारावीला जाऊ. नवनीत रंजन यांच्या ‘धारावी डायरी’ या उपक्रमातल्या शाळकरी मुलींनी मोबाइलसाठी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, लिहायला घेतल्या. साधन होतं ‘ॲप इन्व्हेंटर’. यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. विषय मात्र मुलींनी घरचेच घेतले. बायकांच्या सुरक्षिततेसाठी एक आज्ञावली झाली, आणि नळाची पाळी कळवणारी दुसरी. तिचं नाव ‘पानी’. 2016 च्या सुमारास देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली.

‘पानी’सारख्या कामात मुलं काय शिकतात? पाहा: नावं क्रमानं लाव. पहिल्याचं भांडं भरलं का? भरलं असेल तर पुढच्याला निरोप दे. रांग संपेपर्यंत हेच करत राहा. क्रम, अट आणि पुनरावृत्ती ही आज्ञावलीची तिन्ही मूळ अंगं या चार ओळींत आली. आणि पाठोपाठ अवघड प्रश्नही आले. म्हातारीला आधी सोडायचं का? ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याचं काय? ही उत्तरं संगणक देत नाही. ती वस्तीत चार माणसांना विचारूनच मिळतात. आज्ञावलीनं नळाला थेंबभरही जास्त पाणी येत नाही. पण पाणी वाटायचा न्याय कसा ठरतो, हे मुलांना कळतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या टप्प्यात असे आज्ञावलीचे उपक्रम आणायचं ठरवलं. गुरुजनहो, धोका इथंच आहे. काताईचं जे झालं तेच याचं झालं, तर मुलं व्याख्या पाठ करतील, परीक्षेत लिहितील आणि विसरून जातील.

म्हणून जुन्या जालन्यातल्या एखाद्या शाळेनं सुरुवात संगणकापासून करूच नये. मुलांना वही देऊन आठवडाभर गल्लीतल्या नळावर पाठवावं. पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, रांगेत किती घरं होती, हे त्यांनी टिपावं. मग पाळीचे नियम कागदावर लिहावेत आणि वर्गातच रिकाम्या घागरी मांडून ते चालतात का ते पाहावं. नियम अडला तर दुरुस्त करावा. एवढं झाल्यावर एकच संगणक असला तरी पुरेल, कारण त्याला काय सांगायचं हे मुलांना ठाऊक झालेलं असेल.