शवासन आणि झोप

पहूरसारख्या खानदेशी गावात उन्हाळ्याच्या रात्री भिंती तापलेल्याच राहतात. अंगणात खाट टाकली तरी डोळा लागत नाही. मग कोणी तरी शवासन सुचवते. या सल्ल्याच्या इतिहासाचे एक टोक खानदेशातच आहे.

जगन्नाथ गणेश गुणे अमळनेरला शिक्षक होते. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रिया उपकरणांनी तपासण्यास आरंभ केला. गुरुवचन प्रमाण मानणाऱ्या क्षेत्रात हे धाडसच होते, असे आम्हांला वाटते. १९६९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी ४७ रक्तदाबरुग्णांना शवासन शिकवून केलेली मोजमापे प्रसिद्ध केली. अनेकांचा रक्तदाब उतरला होता.

हा अभ्यास रक्तदाबाचा होता, झोपेचा नव्हे. पुष्कळ लेखांत ही गल्लत होते. दुवा मात्र आहे. स्नायू सैल पडले, श्वास संथ झाला की नाडी मंदावते, आणि झोप लागतानाही तेच घडते. शिवाय तेव्हा शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. तापलेली भिंत आड येते ती इथे. तिला शवासनाचा उपयोग नाही. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडणाऱ्या आजीचे बाष्पीभवनच तिथे कामाचे.