सामर्थ्याचा निःशब्द प्रांत

‘जब्बार’ हे अल्लाहच्या नव्याण्णव नावांपैकी एक. ‘जबरूत’ हा शब्द त्याच धातूतला. अर्थ, ईश्वरी सामर्थ्याचा प्रांत. तो कुठे वसतो, यावर सूफींचेही एकमत नव्हते. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) तो दृश्य आणि अदृश्य जगांच्या मध्ये ठेवला, जमीन-पाण्यामधल्या नावेसारखा. पुढे नासूत, मलकूत, जबरूत, लाहूत अशा चढत्या पायऱ्या रूढ झाल्या. शाहजादा दारा शुकोहने १६५५च्या ‘मज्म-उल-बहरैन’मध्ये त्या जागृती, स्वप्न, सुषुप्ती, तुर्या यांच्याशी जुळवल्या. म्हणजे सामर्थ्याच्या वाट्याला आली गाढ झोप! दोन्ही जगांच्या खुणा, मी-तूपणाचा भेद, तिथे सारे मावळते. जोडणी विलक्षण, आणि धाडसाचीही. १६५९ मध्ये दाराला धर्मभ्रष्ट ठरवून ठार मारण्यात आले. तख्ताची लढाई अर्थात तो त्याआधीच हरला होता.