शिकाऱ्यांच्या खोलीतून खाडीकाठी

२०२२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) संशोधकांनी ठाणे खाडीत सहा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पकडले. त्यांच्या पाठीवर माग दाखवणारी छोटी यंत्रे बसवली आणि त्यांना सोडून दिले. प्रत्येकाला नाव दिले होते. एक सलीम, एक हुमायून, एक चक्क ‘नवी मुंबई’. हुमायून पुढे गुजरातेत पोचला आणि खाडीतले हे पाहुणे कुठल्या वाटेने जातात याचा पहिला धड पुरावा हाती आला. पहिली दोन नावे संस्थेतल्या मोठ्या पक्षीतज्ज्ञांची आहेत. दोघांच्याही हातात आयुष्याच्या सुरुवातीला दुर्बिणीआधी बंदूक होती.

सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ ची. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली. सहा युरोपीय आणि दोन आपले : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील; वैद्यक सांभाळून वनस्पतींचा अभ्यास करणारा हा माणूस दोनच वर्षांनी गेला. मराठी घरांत या दोघा डॉक्टरांची आठवण समाजसुधारणेच्या संदर्भात निघते. देशातल्या या जुन्या निसर्गसंस्थेच्या पायातही त्यांचे दगड आहेत, हे फारसे कुणी सांगत नाही.

लवकरच एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली एक खोली संस्थेला दिली. तिथे कातडी, शिंगे, कवट्या, भुसा भरलेले पक्षी येऊ लागले. सभासदांत लष्करी अधिकारी, जंगलखात्याचे साहेब, मळेवाले असत आणि त्यातले बरेचसे नेमबाज. १८८६ पासून निघू लागलेल्या संस्थेच्या जर्नलचे जुने अंक वाघ, बिबटे, रानडुकरे आणि बदकांच्या शिकारीच्या टिपणांनी भरलेले आहेत. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यातल्या चांगल्या शिकाऱ्यांना एक सवय होती. प्राणी कुठे, कोणत्या महिन्यात मिळाला, त्याच्या पोटात काय निघाले, हे ते लिहून पाठवत. १९११ साली सोसायटीने सस्तन प्राण्यांचे देशभर सर्वेक्षण सुरू केले आणि ते १९२३ पर्यंत चालले, तेही याच सवयीच्या बळावर.

आता १९०८ च्या सुमाराची गोष्ट. खेतवाडीत मामाकडे वाढणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोरक्या सलीम अलीने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी आणि सोसायटीचे सभासद. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड पेढीच्या कामात बुडालेला माणूस. ‘रानचिमणी आहे, पळ घरी’ एवढे सांगून त्याला मोकळे होता आले असते. त्याने मुलाला आत नेले, कपाटांचे खण एकेक उघडून पक्ष्यांचे नमुने दाखवले, पुस्तके वाचायला दिली. पुढे क्युरेटर किनियर यांनी त्याला पक्ष्याचे कातडे सोलून टिकवण्याची विद्या शिकवली. सलीम अलींनी १९८५ च्या आपल्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी ठेवली. माझ्या मते संस्थेच्या १४० वर्षांच्या वाटचालीतला सगळ्यात मोलाचा दिवस हाच. ठराव, परिषदा, कायदे यांच्या आधी एका मोठ्या माणसाने एका मुलाला वेळ दिला. मुलाच्या हातात बंदूक होती म्हणून त्याला हाकलले नाही.

सलीम अलींनी तरुणपणातला शिकारीचा नाद कधी लपवला नाही. हुमायून अब्दुलअलीही तसेच. उत्तम नेमबाज, आणि मुंबई-साष्टीच्या पक्ष्यांवर सलीम अलींबरोबर १९३६ पासून लेखमाला लिहिणारे अभ्यासक. नेमके हेच अब्दुलअली १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायद्याच्या मसुद्यामागे होते. ज्याने रानात पायपीट केली, त्यालाच रान रिकामे होत चालल्याचे आधी कळले. भरतपूरच्या केवलादेवला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तारीख सलीम अलींच्या वाढदिवसाची. पुढे तेच पाणथळ वाचवण्यासाठी ते आयुष्यभर झगडले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी परवाना घेऊन काही शिकार चालूच होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे रानटी टर्की जवळजवळ संपत आली होती. १९७३ साली शिकाऱ्यांनीच नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन काढले, तेव्हा देशात सुमारे १३ लाख टर्की होत्या. पुढच्या काही दशकांत त्यांची संख्या ६० लाखांच्या पुढे गेली. शिकारीचे शुल्क, स्वयंसेवकांची मेहनत आणि मुलांना रानात नेणारे वडीलधारे यांवर ते काम उभे आहे. आपल्या दाट वस्तीच्या देशात परवान्याची शिकार परवडणारी नव्हती, हे मला पटते. पण वडीलधाऱ्याने मुलाला रानात न्यायचे, हा भाग दोन्हीकडे सारखाच आहे आणि त्याला पर्याय नाही.

१९५९ च्या सुमारास सोसायटीने पक्ष्यांच्या पायात मोठ्या प्रमाणावर कडी घालायला सुरुवात केली. कड्यावर क्रमांक आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा’ असा निरोप. पण कडे घालायला पक्षी जिवंत आणि धडधाकट पकडावा लागतो. ही कला पुस्तकात नव्हती, पारध्यांच्या हातात होती. बिहारमधल्या मीरशिकार समाजाचे अली हुसेन यांच्यासारखे पिढीजात पक्षीपकडे संस्थेत आले. त्यांच्या वाडवडिलांनी जे फासे पोटासाठी लावले, तेच आता पक्ष्याच्या पायात कडे अडकवून त्याला सोडून देण्यासाठी लागू लागले. पदव्यांच्या रांगेत अशा माणसांची नावे मागे पडतात. ती पुढे यायला हवीत.

मुलांसाठीही काम वाढले. शाळांसाठी निसर्गशिक्षण, सभासदांची शिबिरे, गोरेगावला चित्रनगरीशेजारचे संवर्धन शिक्षण केंद्र. मुंबई परिसरातल्या कितीतरी घरांत पहिली दुर्बीण या शिबिरांमुळे आली.

आणि ठाणे खाडीच्या या काठाला नवी मुंबई. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि भातखाचरे, मिठागरे यांच्या जागी शहर उभे राहिले. पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ चे, म्हणजे शहराहून वयाने मोठे. रोहित मात्र शिवडी-ठाणे खाडीत मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली खाडीला रामसर दर्जा मिळाला. राज्याच्या कांदळवन कक्षासाठी सोसायटीने केलेल्या गणनेत २०१९ च्या सुरुवातीला लाखाच्या वर रोहित नोंदले गेले.

या पक्ष्यांचे गणित भरती-ओहोटीवर चालते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते खाडीत चरतात. भरतीला चिखल बुडाला की त्यांना उथळ, शांत पाणी लागते. ते सीवूड्स-नेरूळच्या टीएस चाणक्य, एनआरआय, डीपीएस या पाणथळ जागांत मिळते. खाडी राखली आणि हे तलाव बुजवले, तर निम्मेच घर राखल्यासारखे होईल. नवी मुंबई विमानतळ परिसरातल्या पक्ष्यांचा अभ्यास करतानाही सोसायटीने या जागा जपाव्यात असेच सांगितले : इथून उठलेले थवे दुसरीकडे बसायला जाणार, आणि ती जागा विमानांच्या वाटेत असू शकते. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ रोहित मेले. त्याच उन्हाळ्यात भरतीचे पाणी अडल्याने डीपीएस तलाव कोरडा पडला होता आणि तिथेही पक्षी दगावले.

तो तलाव पुन्हा ओला झाला तो रहिवाशांच्या रेट्यामुळे. निवृत्त माणसे, गृहिणी, शाळकरी मुले काठावर उभी राहिली, फोटो काढले, तक्रारींवर तक्रारी केल्या. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांचा हा तलाव संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. नवी मुंबईच्या स्वयंसेवकांची ही मोठी कमाई आहे.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि भारतात तिचा समन्वय बीएनएचएस करते. हाती दुर्बीण आणि वही घेऊन कुणालाही तीत भाग घेता येतो. नवी मुंबईकरांना माझी विनंती आहे : येत्या जानेवारीत गणनेला जा, आणि एकटे जाऊ नका. इमारतीतला एखादा मुलगा किंवा मुलगी बरोबर घ्या, दुर्बीण तुमच्या हातात ठेवा आणि आकडे लिहायची वही त्यांच्या हातात द्या.