लोपॅराइट : दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "खनिजाला नाव कोण देतं, आणि ते वेगळं आहे हे ठरवतं कोण?" त्यासाठी आज रशियाच्या वायव्य टोकाला, कोला द्वीपकल्पावर जाऊ.

तिथे खिबिनी आणि लोवोझेरो असे दोन डोंगराळ भाग आहेत. त्यांचा खडक नेफेलिन सायनाइट जातीचा. सोडियम भरपूर, पण सिलिका त्या मानाने कमी, म्हणून यात क्वार्ट्‌झ होतच नाही, नेफेलिन होतं. असल्या रसात टायटॅनियम, निओबियम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं शेवटपर्यंत मुरत राहतात.

फिनलंडचा भूवैज्ञानिक विल्हेल्म रामसे 1887 पासून इथे मोहिमा काढत होता. रेल्वे नव्हती, ती 1916 मध्ये आली. रामसे आणि हॅकमन यांचा जर्मन भाषेतला मोठा ग्रंथ 1894 चा. मग 1920 पासून अलेक्सांद्र फेर्समनच्या सोव्हिएत मोहिमा सुरू झाल्या, आणि 1925 मध्ये कुझ्नेत्सॉव्हने इथल्या एका काळ्या खनिजाला नाव दिलं : लोपॅराइट.

दिसायला कसं? काळं, धातूसारखी चमक, छोटे छोटे घन. बऱ्याचदा दोन घन एकमेकांत घुसलेले, त्यामुळे कोपरे बाहेर आलेली चांदणीच वाटते. कठीणपणा साडेपाच ते सहा, आणि हातात घेतलं तर आकाराच्या मानाने जड. थोडं थोरियमही असतं, म्हणजे किंचित किरणोत्सारी.

आता वर्गीकरणाची गंमत, आणि खरा वाद इथेच आहे. उरल पर्वतातलं पेरोव्स्काइट गुस्ताव रोझने 1839 मध्येच वर्णन केलं होतं. कॅल्शियम, टायटॅनियम, ऑक्सिजन. लोपॅराइटचा सांगाडा अगदी तोच! फक्त कॅल्शियमच्या जागी निम्मं सोडियम, निम्मं सिरियम-लँथॅनम. म्हणजे बघा, कॅल्शियमचा भार दोन. सोडियमचा एक, सिरियमचा तीन. एक अधिक तीन चार, आणि दोन कॅल्शियमचेही चारच. हिशेब चोख जुळतो.

मग हे वेगळं खनिज, की पेरोव्स्काइटचाच एक प्रकार? खनिजशास्त्राचा साधा नियम असा की त्या जागेवर ज्या मूलद्रव्याचं बहुमत, त्यावरून नाव. पण इथे एकट्या सोडियमला बहुमत देऊन भागत नाही, टायटॅनियमबरोबर त्याचा भारच जुळत नाही. जोडी मोजावी लागते. शिवाय निसर्गातल्या कणांत कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, निओबियम कमीजास्त मिसळलेलं असतं. निओबियम फार वाढलं की ते ल्युशाइटकडे झुकतं. जुन्या पुस्तकांत याचं नाव कंसात सिरियम जोडून लिहीत. 2017 मध्ये पेरोव्स्काइट महासमूहाची नवी मांडणी आली, त्यात नुसतं 'लोपॅराइट' आहे, पेरोव्स्काइटच्याच उपसमूहात, पण स्वतंत्र. माझ्या मते योग्य झालं.

आणि नाव? कोलावर सामी लोक राहतात, रेनडिअर पाळणारे. रशियन त्यांना 'लोपार' म्हणत. ते स्वतःला सामी म्हणतात. याच डोंगरातल्या एका खडकाचं नाव लुयाव्राइट, आणि ते लोवोझेरोच्या मूळ सामी नावावरून आलंय. म्हणजे खडकाला त्यांचा शब्द मिळाला, खनिजाला मात्र बाहेरच्यांनी त्यांना चिकटवलेला.

1951 पासून लोवोझेरोत याच्या खाणी चालू झाल्या. तीसेक टक्के दुर्मिळ मृदा ऑक्साइडं, चाळीसेक टक्के टायटॅनियम ऑक्साइड, वर निओबियम आणि टँटलम. सोव्हिएत उद्योगाला हे सोडवणार थोडंच! पुढे 1960 च्या दशकात आसपासच्या सामी वस्त्या बंद करून लोकांना लोवोझेरो गावात आणलं गेलं. त्याच डोंगरांच्या कुशीत सेयदोझेरो नावाचा तलाव आहे, सामींचा पवित्र. 'सेयद' म्हणजे त्यांचा पूजेचा दगड.