बेटे आणि विश्वस्त

कायद्याच्या अभ्यासात विश्वस्तांच्या कर्तव्यांचे प्रकरण आले की टिटो विरुद्ध वॉडेल या इंग्लिश खटल्याचा उल्लेख हटकून येतो. आम्ही तो निकाल प्रथम वाचला तो परीक्षेच्या धास्तीने. परवा पुन्हा वाचला तो निराळ्या कारणाने. पॅसिफिक महासागरातील सखल बेटे समुद्राची पातळी चढत असल्यामुळे राहावयास अयोग्य होत चालली आहेत. तेथील लोकांनी काय करावे, कोठे जावे, हा प्रश्न आज संयुक्त राष्ट्रसंघाच्या दारापर्यंत गेला आहे. प्रश्न अगदी नवा आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्या समुद्रात माणसांनी गावेच्या गावे उचलून अन्यत्र नेल्याचा इतिहास आहे. त्यातील तीन स्थलांतरांची हकिकत येथे सांगावयाची आहे. तिन्हींचा शेवट फिजी देशातच झाला, परंतु तिन्हींचे फळ मात्र सारखे नाही.

पहिली हकिकत बानाबा बेटाची. विस्तार जेमतेम सहा चौरस किलोमीटर. 1900 साली अल्बर्ट एलिस नावाच्या गृहस्थाला तेथे खताचे फॉस्फेट सापडले, आणि त्याच वर्षीच्या 3 मे रोजी करार झाला. वर्षाला पन्नास पौंड देऊन 999 वर्षे खाणकामाचा हक्क! सही करणाऱ्यास त्या आकड्यांचा अर्थ कितपत कळला असेल, हे सांगावयास नको. पुढे 1920 पासून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन सरकारांच्या कमिशनरांनी तो उद्योग चालविला. 1928 साली बानाबी लोकांनी आणखी जमीन देण्याचे नाकारले, तेव्हा ती सक्तीने घेण्यात आली. अखेरीस 1979 साली खाण बंद पडली तोवर बेटाचा बहुतेक पृष्ठभाग खरवडून निघाला होता. त्यांच्या मातीवर दूरदेशीची कुरणे पोसली गेली.

मध्यंतरी 1942 साली या लोकांच्याच फॉस्फेटच्या पैशांतून सरकारने फिजीतील राबी हे बेट विकत घेतले. त्याच वर्षी जपानने बानाबा व्यापले आणि लोकांची पांगापांग केली. युद्ध संपल्यावर त्यांना एकत्र करून सांगण्यात आले की, तुमची गावे उद्ध्वस्त झाली आहेत. 15 डिसेंबर 1945 रोजी सुमारे हजार माणसे राबीच्या किनाऱ्यावर उतरली, तीही ऐन वादळांच्या हंगामात. निवारा तंबूंचा. राबी बानाब्याहून दहापट मोठे, हिरवेगार; पण ते त्यांचे नव्हते.

याच लोकांनी पुढे लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती मेगॅरी यांनी स्वतः त्या बेटांवर जाऊन पाहणी केली. सुनावणी दोनशेहून अधिक दिवस चालली. निकाल असा पडला की, सरकारवर बानाबी लोकांच्या हिताची जबाबदारी असली तरी ती राज्यकारभाराची जबाबदारी होय. न्यायालयाने बजवावी अशी विश्वस्ताची जबाबदारी ती नव्हे. झाडे परत लावण्याच्या करारभंगाबद्दल काही भरपाई मिळाली, ती अगदीच थोडी.

विश्वस्त म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. देवाच्या जमिनीचा हिशेब महाजनांपुढे वाचावा लागतो, हे आपण लहानपणापासून पाहात आलो आहोत. ज्याच्या हाती दुसऱ्याची ठेव आहे त्याने जाब दिला पाहिजे, एवढा साधा नियम. बानाब्याच्या बाबतीत ठेव होती, ती सांभाळणाराही होता. जाब विचारण्याची जागा मात्र नव्हती.

दुसरी हकिकत लहान, पण समाधानाची. तुवालू देशातील वैतुपू बेटाच्या लोकांनी महायुद्धात अमेरिकन सैन्याकडे मजुरी करून पैसा साठविला होता. आपल्या बेटावर पुढे दाटी होईल हे ओळखून त्यांनी 1946 साली फिजीतील किओआ बेट विकत घेतले. किंमत तीन हजार पौंड. 1947 च्या ऑक्टोबरात पहिली तुकडी तेथे पोचली. ज्यांना जावयाचे होते ते गेले, ज्यांना राहावयाचे होते ते राहिले, आणि दोन्ही बेटांचे नाते तुटले नाही. पैसा त्यांचा होता, आणि कोणी कधी जावे हेही त्यांनीच ठरविले.

तिसरी हकिकत आमच्या डोळ्यांदेखतची. फिजीच्या वानुआ लेवू बेटावर वुनिडोगोलोआ नावाचे गाव आहे. भरतीचे पाणी घरांत शिरू लागले, किनारा खचू लागला, समुद्राला घातलेल्या भिंती टिकेनात. 2006 साली गावकऱ्यांनी सरकारकडे मदतीची मागणी केली, आणि 2014 च्या जानेवारीत सारे गाव सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर जाऊन राहिले. तीस घरे. लाकूड गावाच्याच रानातले. नव्या वस्तीला त्यांनी केनानी हे नाव दिले. हे लोक ख्रिस्ती आहेत, आणि त्यांच्या धर्मग्रंथातील ईश्वराने देऊ केलेल्या भूमीचे ते नाव होय.

हे स्थलांतर निभावले याचे कारण आमच्या मते भिंतींत वा घरांत नाही. जमिनीच्या कायद्यात आहे. फिजीतील सुमारे 88 टक्के जमीन मूळ रहिवाशांच्या कुळसमूहांची सामाईक मालमत्ता असून ती विकता येत नाही. अशा कुळसमूहास तेथे मातांगाली म्हणतात. वुनिडोगोलोआचे लोक हलले ते स्वतःच्या मातांगालीच्या जमिनीवरून स्वतःच्याच जमिनीवर. कोणापुढे हात पसरावा लागला नाही. गोव्याच्या गावकरी संस्थेची ज्यांस ओळख आहे त्यांना यातले मर्म चटकन ध्यानात येईल. समुद्राच्या पातळीहून खाली असलेल्या खाजनांचे बांध आणि मानशी सांभाळल्या त्या कोणा एकट्या शेतकऱ्याने नव्हे, गावाने. खारे पाणी अडविणे हे एकट्याचे काम नव्हेच.

याला दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सामाईक जमीन असते ती कुळाची. गिरमिटावर 1879 पासून फिजीत गेलेल्या आपल्या देशबांधवांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या खंडाच्या जमिनीवर ऊस पिकवीत आले. पाणी चढले तर त्यांनी कोणत्या मातांगालीच्या टेकडीवर जावे? तसेच, किरिबाती देशाने 2014 साली वानुआ लेवूवर सुमारे वीस चौरस किलोमीटरची मळ्याची जमीन एका चर्चसंस्थेकडून विकत घेतली. तेथे आधीपासूनच सॉलोमन बेटांतून मजुरीसाठी आणलेल्या लोकांचे वंशज राहात होते. एकाचा आसरा हा दुसऱ्याचे उंबरठे ओलांडून जातो, हे अशा वेळी दिसते.

किरिबातीला ही घाई का झाली? प्रवाळबेटे एकाएकी बुडत नाहीत. त्याआधी त्यांचे पाणी मरते. पावसाचे गोडे पाणी तेथे खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगून असते. भरतीची लाट वरून गेली की विहीर खारट होते, आणि खड्ड्यांत लावलेले बाबाई नावाचे अळूसारखे कंद कुजतात. या देशात एकच बेट खरे उंच आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ऐंशी मीटर. ते बेट म्हणजे बानाबा! उंच भूमीची ज्या राष्ट्राला आज तहान लागली आहे, त्याचे एकुलते एक उंच बेट आधीच्या पिढीत खत म्हणून विकले गेले.

कायदाही हळूहळू पावले टाकीत आहे. किरिबातीच्या एका नागरिकाने न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली तो नाकारला. राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार समितीनेही त्याच्याविरुद्धच मत दिले, परंतु 2020 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या त्या मतात एक तत्त्व मान्य झाले: हवामानाच्या बदलामुळे जेथे जीविताचा हक्कच धोक्यात येईल तेथे माणसाला परत धाडता येणार नाही. पुढे वानुआतूच्या पुढाकाराने प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. त्याचा उगम पॅसिफिकमधील कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या एका चळवळीत होता, हे आम्हांस विशेष वाटते. 23 जुलै 2025 रोजी त्या न्यायालयाने एकमताने सांगितले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि एकदा स्थापन झालेले राज्य केवळ भूमी गेली म्हणून नाहीसे होते असे मानण्याचे कारण नाही. हे मत सल्ल्याचे आहे, हुकूमनामा नव्हे. तरी बानाब्याच्या लोकांना जी जागा मिळाली नाही, ती जाब विचारण्याची जागा येथे दिसू लागली आहे.

भूमीवाचून राज्य टिकेल काय, असा प्रश्न विद्वान विचारतात. आम्हांस तो फारसा अनोळखी वाटत नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची म्हाळसा आली तेव्हा म्हार्दोळ हे तिच्या जुन्या ठिकाणाचे नावही नदी ओलांडून तिच्याबरोबर आले. नव्या जागी राहूनही कुळांनी जुन्या गावाचा उच्चार सोडला नाही. बानाबी लोकांनीही तेच केले: राबीवर त्यांनी आपल्या गावांना बानाब्यावरचीच नावे दिली, आणि किरिबातीच्या राज्यघटनेने त्यांच्यासाठी प्रतिनिधिगृहात एक जागा आणि बेटावर परतण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

आपल्या देवांना हलविले ते भक्तांनी, आपल्या हातांनी, आपल्या ठरावाने. म्हणून ते स्थलांतर दुःखाचे असले तरी अपमानाचे झाले नाही. किओआ आणि वुनिडोगोलोआ यांची गोष्ट त्याच जातीची आहे; बानाब्याची नाही. फिजी सरकारने 2018 साली गावे हलविण्याचे नियम केले, त्यांत गावाची संमती ही अट घातली आहे. त्या अटीमागे बानाब्याची शंभर वर्षे उभी आहेत, असे आम्ही समजतो. समुद्र कोणाची संमती विचारीत नाही; म्हणूनच माणसाने ती विचारली पाहिजे.