‘अमक्याची बायको’ ते सरपंच



बचत गट सुरू करताना वहीत आपण सगळ्यात आधी काय लिहितो? प्रत्येकीचं नाव. मग सही किंवा अंगठा, आणि त्यानंतर पैसे. नाव नसेल तर पासबुक नाही आणि कर्जही नाही. देशाच्या कारभाराचंही तसंच आहे. मतदार यादीत नाव असेल तर मत. म्हणून आज आम्ही बायकांच्या नावाचा इतिहास सांगणार आहोत.

इंग्रजांच्या राज्यात मत सगळ्यांना नव्हतं. मुंबई प्रांतात बायकांना १९२१ मध्ये मताचा हक्क मिळाला, पण मालमत्तेची अट होती. ज्यांच्या नावावर काही नाही, त्यांनी काय करायचं? पुढे १९३५ च्या कायद्याने थोडं दार उघडलं. लिहितावाचता येणाऱ्या बाईला मत मिळालं, आणि नवऱ्याकडे ठराविक मालमत्ता असेल तर त्याची बायको म्हणूनही मिळालं. म्हणजे मत बाईचं, पण आधार नवऱ्याच्या सातबाऱ्याचा!

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं आणि ही अटच गेली. कलम ३२६ ने एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला मत दिलं. जमीन आहे का, शाळा शिकली का, लग्न झालंय का, काही विचारायचं नाही. ते संविधान घडवणाऱ्या सभेत हंसा मेहता, दाक्षायणी वेलायुधन अशा पंधरा स्त्रिया होत्या.

हक्क मिळाला, पण यादी करताना वेगळीच अडचण आली. पहिल्या निवडणुकीआधी यादी करणारे घरोघर गेले. नाव विचारलं की कित्येक बायका सांगायच्या, ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो, तिकडे उत्तरेत परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगणंही रीतीला धरून नव्हतं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की असं चालणार नाही, बाईचं स्वतःचंच नाव हवं. नावं दुरुस्त करायला मुदत दिली, तरीही शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. देशात बाई मतदार सुमारे आठ कोटी होत्या. गेलेली नावं बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांतली जास्त होती.

काहींना हा निर्णय कठोर वाटेल. २८ लाख जणींचं मत बुडालं हे खरंच. पण ‘अमक्याची बायको’ असं लिहून घेतलं असतं, तर ती ओळख कायमची राहिली असती. पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेक बायकांची नावं यादीत आली, ती त्यांच्या स्वतःच्या नावाने.

मत मिळालं, पण खुर्ची मिळाली नाही. संविधान सभेतल्या कित्येक स्त्रियांनी राखीव जागा मागितल्या नव्हत्या. सगळे समान झाले की बायका आपोआप पुढे येतील, असा त्यांचा विश्वास होता. प्रत्यक्षात पहिल्या लोकसभेत शंभरात जेमतेम पाच बायका होत्या. गावपातळीवर तर त्याहून अवघड. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने पंचायतीत दोन बायका घ्याव्यात असं सुचवलं, पण त्या निवडून आलेल्या नव्हे, नेमून घेतलेल्या. नेमलेल्या बाईला कोण विचारणार? ज्यांनी नेमलं, त्यांच्याच शब्दावर तिला चालावं लागणार.

महाराष्ट्रातल्या बायका मात्र कायद्याची वाट बघत बसल्या नाहीत. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या काही गावांत सगळ्या बायकांचीच ग्रामपंचायत निवडून आली. १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा बायकांसाठी ठेवल्या. मग देशाचं संविधानच बदललं. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली.

या दुरुस्तीने तीन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली, एक तृतीयांश जागा बायकांसाठी, आणि त्या नुसत्या सदस्यांच्या नव्हेत, सरपंचपदाच्याही. दुसरी, दर पाच वर्षांनी निवडणूक. त्याआधी सरकारच्या मनात आलं की पंचायतीच्या निवडणुका कितीही लांबत. तिसरी, या निवडणुका घ्यायला राज्य निवडणूक आयोग. २०११ मध्ये महाराष्ट्राने बायकांचा वाटा अर्ध्यावर नेला.

कायदा चांगला आहे, पण कागद आपोआप चालत नाही. निवडणुका वेळेवर व्हाव्यात असं संविधान सांगतं, तरी २०२२ नंतर आपल्या राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक होते. निवडून आलेली माणसंच नसतील, तर आपल्या अर्ध्या जागा कुठे शोधायच्या?

दुसरी अडचण घरातली. पाटीवर नाव सरपंचबाईंचं, आणि कारभार ‘सरपंचपती’चा. सही तिची, निर्णय त्याचा. सत्तर वर्षांपूर्वी यादीत ‘अमक्याची बायको’ होती, ती आता खुर्चीत बसली आहे, एवढाच फरक उरला तर काय मिळवलं? तरी आम्हाला आशा आहे. सुरुवातीला नवऱ्याकडे बघून सही करणाऱ्या कित्येकी दुसऱ्या वर्षी ग्रामसेवकाकडे खर्चाचा हिशोब मागायला लागतात. गटाचा हिशोब ठेवलेल्या बाईला पंचायतीचा हिशोब समजायला वेळ लागत नाही.

लोकसभा आणि विधानसभेतही एक तृतीयांश जागा राखीव ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली. पण तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी जोडला आहे. म्हणजे हे कामही लक्ष ठेवून करून घ्यावं लागणार.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत मोजून झाली की तीन कामं करू या. एक, मतदार यादीत प्रत्येकीचं नाव बरोबर आहे का ते बघू. लग्न होऊन आलेल्या सुनांची आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलींची नावं राहून जातात, त्यांचे अर्ज भरू. दोन, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असा आपल्या राज्यात नियम आहे. ती खरंच भरते, की नुसत्या सह्या घेतल्या जातात, ते विचारू. तीन, गावची सरपंच बाई असेल तर प्रश्न तिलाच विचारू, तिच्या नवऱ्याला नाही. आपणच त्याला ‘सरपंचसाहेब’ म्हणायचं थांबवलं, तर अर्धं काम तिथेच होईल.