फणी : एका शब्दाचे घराणे

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी जत्रा बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा जत्रांतून बांगड्या-मण्यांच्या दुकानांत कंगवे आणि फण्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. कंगवा खुशाल खिशात मिरवतो. फणी मात्र पदराआड जाते. ‘फणी’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम उवा येतात आणि उवांपाठोपाठ दारिद्र्य. मुले शाळेत या शब्दावरून एकमेकांना हिणवतात आणि मग घरातही तो दबक्या आवाजात उच्चारला जातो. या शब्दावर हा अन्याय होत आहे असे आम्हांस वाटते. म्हणून त्याचे कूळ येथे थोडे तपासून पाहू.

कंगवा हा संस्कृत ‘कङ्कत’ या शब्दाचा वंशज. हिंदीतला कंघा त्याचाच भाऊबंद. शीख बांधवांच्या पाच ककारांतही कंघ्याला मानाचे स्थान आहे. फणीचे मूळ निराळे. ते ‘फण’ या शब्दात, म्हणजे नागाच्या फण्यात आहे. पसरट आकाराच्या साम्यावरून हे नाव आले. संस्कृतात ‘फणी’ म्हणजे प्रत्यक्ष नाग, म्हणूनच शेषाला फणींद्र म्हणतात. कोकणीने मात्र या वस्तूचे दात पाहिले आणि तिला ‘दांतोणी’ म्हटले. इंग्रजीतील ‘कोम’ हा शब्दही मुळात दातवाचकच असून संस्कृत ‘जम्भ’ म्हणजे दात या शब्दाशी त्याचे नाते आहे. इतरांनी दात मोजले, मराठीने फणा पाहिला!

पुढे या शब्दाचा संसार वाढला. केळीच्या घडातील एकेक झुपका म्हणजे फणी. हातमागावरही फणी असते. ताण्याचे धागे तिच्या फटींतून ओवलेले असतात आणि धोट्याने बाणा आडवा टाकला की तीच त्याला ठोकून घट्ट बसवते. आपल्या हिंदू शेजारणींच्या सौभाग्यवाणात फणी-करंडा असतो. ‘वेणीफणी’ या जोडशब्दात तर स्त्रीचा सारा शृंगार सामावला आहे. ज्या शब्दाला माग, केळ आणि सौभाग्य यांचा सहवास लाभला, तो हीन कसा?

वस्तू म्हणून पाहिले तर फणीचे वय शब्दाहूनही मोठे. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडातील विवाहसूक्तात वधूच्या मस्तकावरील मळ काढणाऱ्या शंभर दातांच्या साधनाचा उल्लेख आहे. बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात आलेले लाखीश नगर आपणांस ठाऊक आहे. तेथील उत्खननात 2016 साली एक इवलीशी हस्तिदंती फणी सापडली. तिच्या एका बाजूला गुंता सोडवणारे 6 जाड दात, तर दुसऱ्या बाजूला उवा-लिखा काढणारे 14 बारीक दात होते. तिच्यावर कोरलेली 17 अक्षरे 2022 साली वाचली गेली. या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा नाहीशा होवोत, असा त्यांचा आशय आहे. विद्वान तिचा काळ अंदाजे इसवी सनापूर्वी 1700 मानतात. कनानी वर्णमालेत लिहिलेले आजवर सापडलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य, आणि ते आहे उवांविषयी! त्या प्रदेशात हत्ती नव्हते, हस्तिदंत परदेशातून आणावा लागे. अर्थात ती फणी एखाद्या श्रीमंताची असली पाहिजे. उवा त्याच्याही डोक्यात होत्याच.

ख्रिस्तसभेनेही फणीला दूर लोटले नाही. मध्ययुगीन युरोपात धर्मगुरू मिस्सापूर्वी केस विंचरीत आणि त्या वेळी प्रार्थना म्हणत. बिशपांच्या दीक्षाविधीत मस्तकाला तैलाभ्यंग झाल्यावर केस सारखे करण्यासाठी हस्तिदंती फणी वापरली जाई. इंग्लंडमधील संत कथबर्ट 687 साली निवर्तले. त्यांच्या शवपेटीत 1827 साली हस्तिदंती फणीच सापडली. तिलाही दोन्ही बाजूंना दात, एकीकडे जाड व दुसरीकडे बारीक. 3 फेब्रुवारीला ज्यांच्या सणादिवशी दोन मेणबत्त्या धरून आपल्या गळ्याला आशीर्वाद दिला जातो, त्या संत ब्लेझ यांचा छळ लोकर विंचरण्याच्या लोखंडी फण्यांनी झाला अशी परंपरा सांगते. म्हणून लोकर विंचरणाऱ्या कारागिरांनी त्यांना आपले आश्रयदाते मानले.

आज वैद्यकशास्त्रही सांगते की, उवा धुतलेले केस आणि न धुतलेले केस असा भेद करीत नाहीत. डोक्याला डोके लागले की त्या एकीकडून दुसरीकडे जातात. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या, वसतिगृहात जवळजवळ निजणाऱ्या मुलींना त्या होणारच. त्यावरून कोणाच्या घराची पत ठरवणे गैर होय.

कंगवा आपला आपणही फिरवता येतो. फणीला मात्र बहुधा दुसऱ्याचा हात लागतो. कोणी पुढे बसते, कोणी मागे बसून बट बट सोडवते. त्यात अर्धा तास सहज जातो आणि तेवढ्यात घरातल्या कितीतरी गोष्टी बोलून होतात. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या तर तिला न रागावता जवळ बसवावे आणि ‘फणी आण’ असे मोकळ्या आवाजात सांगावे, एवढेच आमचे मागणे आहे.